तारेवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि विजेच्या व्यवहारात दोन्ही रोज वापरात असतात. एक आकडा बांबूच्या टोकाला बांधून अंधार पडल्यावर उघड्या तारेवर टाकतात. तो सगळ्या गावाला दिसतो. लाइनमन सकाळी तो काढून नेतो, संध्याकाळी तो पुन्हा लटकतो. दुसरा आकडा कागदावर असतो. तो टाकायला बांबू लागत नाही, टाकताना कुणी बघत नाही, आणि काढायला लाइनमन येत नाही. पहिल्या आकड्यावर आपण गावगप्पांत भरपूर बोलतो. या प्रकरणात दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण घरोघरी येणाऱ्या बिलावर त्याचा भार जास्त पडतो आणि तो हुडकून काढायला नुसती टॉर्च पुरत नाही. त्यासाठी कायदा लागतो आणि हिशेबाची वही उघडून बसणारी माणसं लागतात.

घरातलं शेवटचं वीजबिल समोर घ्या. बहुतेक घरांत बिल आलं की दोनच गोष्टी बघितल्या जातात, रक्कम आणि मुदत. मधल्या ओळी कुणी वाचत नाही. पण खरी गोष्ट त्या मधल्या ओळींतच आहे. ‘स्थिर आकार’ म्हणजे तुम्ही महिनाभर गावाला गेलात, एकही दिवा लावला नाही, तरी भरायचे पैसे. ‘वीज आकार’ म्हणजे वापरलेल्या युनिटची किंमत. ती पहिल्या शंभर युनिटना एका दरानं, पुढे तीनशेपर्यंत त्याहून चढ्या दरानं, अशी पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. ‘वहन आकार’ म्हणजे वीज तारांतून तुमच्या दारापर्यंत आणण्याचं भाडं. ‘इंधन समायोजन आकार’ हा कोळसा महागला, बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की मागाहून येऊन चिकटतो. आणि सगळ्यात शेवटी ‘वीज शुल्क’, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. ते कंपनीचं नसतं, ते थेट राज्य सरकारच्या तिजोरीत जातं.

या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कुठेतरी बसून निर्णय घेतलेला असतो. शुल्काचा निर्णय विधिमंडळाच्या कायद्यानं. बाकीच्यांचा निर्णय मुंबईत कफ परेडला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानं. हा आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. त्याआधी दर कोण ठरवत असे? वीज मंडळ आणि मंत्रालय. ते दोघं आपसांत बोलत आणि ग्राहकाला दर कळत असे तो बिल हातात पडल्यावर. त्या व्यवस्थेत काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं गुहागर तालुक्यात बघितलं.

१९९१ मध्ये वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली. देशाकडे परकीय चलन नव्हतं, राज्याला वीज हवी होती, आणि दोन्हीची घाई होती. २० जून १९९२ रोजी एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातल्या याच गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वीजप्रकल्प उभारण्याचा सामंजस्य करार झाला. निविदा मागवल्या गेल्या नाहीत. दुसरी कुठली कंपनी हीच वीज काय भावानं देईल, हे कुणाला विचारलंच गेलं नाही. घरातल्या लग्नाचा मांडव घालतानाही आपण दोन-तीन ठिकाणी भाव काढतो. इथे वीसएक वर्षांच्या खरेदीचा सौदा एकाच दुकानात शिरून झाला.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. प्रकल्प राज्याच्या गरजेपेक्षा मोठा आहे आणि आयात वायूवरची ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा सल्ला फुकट मिळालेला होता आणि नंतरच्या सगळ्या घटनांनी तो खरा ठरवला. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी राज्य वीज मंडळानं वीजखरेदी करारावर सही केली. करार गोपनीय होता. ज्यांच्या बिलातून पैसे जाणार, त्यांना तो वाचायला मिळणार नव्हता.

त्या करारातली दोन कलमं समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. एक, प्रकल्प चालू स्थितीत असेल तर मंडळानं वीज घेतली काय आणि न घेतली काय, क्षमतेपोटी ठरावीक पैसे द्यायचेच. दोन, देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांचा होता, २००१ मध्ये तो ४६ च्या पुढे गेला. म्हणजे कुणीही काहीही न करता, नुसता काळ गेला म्हणून डॉलरशी बांधलेलं देणं जवळपास दीडपट झालं. इंधनाचा भाव वाढला तर तोही मंडळाच्या माथी. प्रकल्पाच्या मालकाला जोखीम उरलीच नव्हती. ती सगळी कोल्हापुरातल्या, जालन्यातल्या मीटरपर्यंत तारेतून पोचवायची सोय करारातच होती. वर राज्य सरकारची हमी, आणि त्या हमीवर केंद्र सरकारची प्रतिहमी.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, अशी घोषणा गाजली. सरकार बदललं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, आणि काही महिन्यांतच पुन्हा वाटाघाटी होऊन तो परत आला, तोही आधीपेक्षा मोठा, दोन टप्पे मिळून २,१८४ मेगावॉटचा. १९९६ मध्ये केंद्रात आलेल्या तेरा दिवसांच्या सरकारनंही त्याची प्रतिहमी मंजूर केली. प्रकल्पाशेजारच्या वेलदूर, अंजनवेलच्या लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि नाफ्थ्यावरची महागडी वीज तारांत आली. वीज जितकी कमी घ्यावी तितका स्थिर खर्च कमी युनिटवर वाटला जाई, आणि काही महिन्यांत एका युनिटची किंमत सात रुपयांच्याही वर गेली. त्या काळात इतर ठिकाणची वीज मंडळाला याच्या कितीतरी कमी दरात मिळत होती.

मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं एप्रिल २००१ च्या अहवालात या व्यवहारातल्या शासनाच्या प्रत्येक पातळीवरच्या चुकांवर बोट ठेवलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करावी लागली. म्हणजे आधी सार्वजनिक पैशाची हमी देऊन उभं केलेलं, शेवटी सार्वजनिक पैशानंच सोडवून घ्यावं लागलं.

मला या कहाणीत कोण्या एका पक्षाचा दोष काढण्यात रस नाही. सत्तेवर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची सही त्यात कुठे ना कुठे आहे. मला दिसते ती एक रिकामी खुर्ची. करार ठरत असताना त्या टेबलाभोवती कंपनी होती, मंडळ होतं, मंत्री होते, बँका होत्या. बिल भरणाऱ्याची खुर्ची तिथे नव्हतीच.

ती खुर्ची १९९८ च्या केंद्रीय कायद्यानं आणि त्यानुसार आलेल्या आयोगानं मांडली. २००३ च्या विद्युत कायद्यानं तिला पाय दिले. या कायद्याचं ६४ वं कलम सामान्य माणसानं वाचावं असं आहे. वितरण कंपनीनं दरवाढ मागायची तर आयोगापुढे याचिका करायची, ती प्रसिद्ध करायची, आणि लोकांकडून आलेल्या सगळ्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगानं १२० दिवसांत आदेश द्यायचा. ‘सगळ्या’ हा शब्द कायद्यात आहे. ९४ व्या कलमाखाली आयोग ग्राहकांची बाजू मांडायला कुणालाही अधिकृत प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात पुण्याची ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, ठाणे-बेलापूरच्या उद्योजकांची संघटना अशांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे.

‘प्रयास’चे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी हे मुळात इंजिनीअर. एन्रॉनच्या वेळी लोक रस्त्यावर घोषणा देत होते, तेव्हा ही माणसं कागद-पेन्सिल घेऊन दर युनिटमागे काय पडेल याचा हिशेब मांडत होती. त्या हिशेबानं करार थांबला नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली, की हा विषय फक्त खात्याला कळतो, हे खरं नाही. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या आणि चिकाटी असणाऱ्या कुणालाही तो कळतो. २०१२ मध्ये गिरीश संत अकाली गेले. त्यांनी घालून दिलेली हिशेब मागण्याची सवय मात्र मागे राहिली.

या सवयीचं पहिलं मोठं फळ आयोगाच्या पहिल्याच दरनिश्चितीत, २००० साली दिसलं. आता त्या कागदावरच्या आकड्याकडे येऊ.

वीज मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं, की आपली वीजगळती पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. देशातल्या इतर मंडळांच्या मानानं हा आकडा चांगला होता आणि त्याचा अभिमानही बाळगला जात होता. गळती म्हणजे तारेत तापून जाणारी वीज, अधिक चोरीला जाणारी वीज. ती मोजायची कशी? सोपं उदाहरण घेऊ. समजा मंडळानं तारेत १०० युनिट सोडले. घरं, दुकानं, कारखाने यांच्या मीटरवर ५० युनिट नोंदले गेले. उरले ५०. यातले काही शेतीपंपांनी वापरले, बाकी गळाले. पण शेतीपंपांना मीटर नव्हते. त्यांचं बिल पंपाच्या अश्वशक्तीवर, म्हणजे एचपीवर, सरसकट आकारलं जाई. मग पंपांनी किती वापरले, हे कसं कळणार? अंदाजानं. पंप वर्षात इतके तास चालला असेल, गुणिले एचपी, गुणिले पंपांची संख्या. तुम्ही पंपांनी ३३ युनिट घेतले असं लिहिलं, तर गळती १७. पंपांनी १९ घेतले असं लिहिलं, तर गळती ३१. तारेतल्या विजेत काडीचा फरक पडला नाही. फक्त वहीच्या एका रकान्यातले १४ युनिट उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवले.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण पैसे कोण भरणार, हे त्या रकान्यावर ठरतं. वीज गळाली असं लिहिलं, तर ती कंपनीची अकार्यक्षमता. आयोग म्हणू शकतो, की एका मर्यादेपुढची गळती तुम्ही सोसा, ग्राहकावर टाकू नका. तीच वीज शेतकऱ्यानं वापरली असं लिहिलं, तर ती कायदेशीर विक्री ठरते. शेतीला दर कमी, म्हणून उरलेली किंमत घरगुती आणि औद्योगिक ग्राहकाच्या दरात मिसळते आणि सरकारच्या अनुदानात जाते. चोरी झाली शहरात एखाद्या बर्फाच्या कारखान्यात, आणि कागदावर ती गेली परभणीतल्या शेतकऱ्याच्या विहिरीत. शिवाय फुकटखाऊ म्हणून बोल लागला तोही त्याच शेतकऱ्याला.

सुनावणीत ग्राहक प्रतिनिधींनी आणि आयोगानं हा अंदाज उलटापालटा केला. इतक्या तासांची वीज त्या भागात पुरवलीच नव्हती, तर पंप इतके तास चालले कसे? विहिरीत इतकं पाणी तरी होतं का? प्रश्न साधे होते, पण ते विचारायची जागा आधी नव्हती. उत्तरं मिळत गेली तशी गळती वर सरकत गेली आणि ३० टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणजे राज्यातली जवळपास एक तृतीयांश वीज पैसे न मिळता नाहीशी होत होती आणि ही गोष्ट इतकी वर्षं अंदाजाच्या रकान्यात झाकली गेली होती. महाराष्ट्राच्या वीज व्यवहारातला हा माझ्या मते सगळ्यात मोठा शोध आहे, आणि तो कुठल्या धाडीत लागला नाही. तो लागला एका सभागृहात, माइकवर प्रश्न विचारून.

त्याच वेळी आयोगानं मंडळाला आणखी एक नियम घालून दिला. सगळ्यात स्वस्त वीज आधी घ्यायची, महाग नंतर. गृहिणी भाजी अशीच घेते, त्यात नवल काही नाही. पण हा नियम दाभोळच्या विजेला लावला तेव्हा ती रांगेत शेवटी गेली आणि करारातला खड्डा सगळ्यांना दिसला.

२००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. मीटर बसले, गळती कमी झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण विनामीटर पंपांचा प्रश्न संपला नाही. २००३ च्या कायद्यानं दोन वर्षांत प्रत्येक जोडणीला मीटर बसवायला सांगितलं होतं. दोन दशकं उलटून गेली तरी राज्यातले लाखो पंप मीटरविना आहेत, आणि बसवलेल्या मीटरांचं वाचनही दर वेळी प्रत्यक्ष होतंच असं नाही. इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्यासारखे वीज ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो, हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरत आले. पुढे आयोगानंही आपल्या आदेशांत शेतीच्या वापराचे दाखवलेले आकडे कापले आहेत.

जनसुनावणी कशी असते, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणचं सभागृह. व्यासपीठावर आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य. एका बाजूला कंपनीचे अधिकारी, समोर लॅपटॉप आणि फाइली. सुरुवातीला कंपनी पडद्यावर आकडे दाखवते. कोट्यांचे आकडे इतक्या वेगानं सरकतात, की मागच्या रांगेतली माणसं वाचायचं सोडून देतात. मग एकेका नावाचा पुकारा होतो. यंत्रमागवाला येतो, बर्फवाला येतो, उद्योजक संघटनेचा सल्लागार येतो. मग असा एखादा शेतकरी येतो, ज्याच्याकडे भाषण नसतं. मी पाहिलेल्या एका सुनावणीत असाच एक जण प्लास्टिकच्या पिशवीतून बिलांची चळत आणि मोटारीच्या खरेदीची पावती घेऊन आला होता. पावतीवर मोटार तीन एचपीची, बिलावर पाच एचपीची. त्यानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, “साहेब, दोन एचपी कुठून आली तेवढं सांगा.” सभागृह शांत झालं. त्या दोन कागदांत शेतीच्या वाढीव वापराचा सगळा हिशेब होता. एचपी वाढली, की सूत्रात वापर वाढतो. वापर वाढला, की गळती कमी दिसते.

आता या हिशेबात सरकार शिरतं. शेतीला, यंत्रमागाला, कुणालाही स्वस्त वीज द्यायचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला आहे आणि तो असायलाच हवा. कायद्याचं ६५ वं कलम इतकंच म्हणतं, की सवलत द्यायची तर तिचे पैसे सरकारनं आगाऊ भरावेत. नाहीतर सवलतीची घोषणा मंत्र्याची, टाळ्या मंत्र्याला, आणि थकबाकी कंपनीच्या ताळेबंदात. कंपनी मग कर्ज काढते आणि त्याचं व्याज पुढच्या दरवाढीच्या याचिकेत हळूच येऊन बसतं.

२०२४ मध्ये राज्यानं साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना त्याचा लाभ आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा खर्च, असं सरकारनंच जाहीर केलं. शेतकऱ्याच्या हाती काय उरतं हे माहीत असलेल्या कुणालाही या मदतीचं वाईट वाटणार नाही, मलाही नाही. पण एक काळजी वाटते आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. बिल शून्य झालं, की तो पिशवीवाला शेतकरी सुनावणीला येणार नाही. तीनची मोटार पाचची दाखवली काय आणि साडेसातची दाखवली काय, त्याच्या खिशातून काही जात नाही. आजवर कागदावरच्या आकड्यावर सगळ्यात जवळून नजर ठेवणारा माणूस तोच होता. आता त्याचं बिल सरकार भरणार, म्हणजे तुम्ही आम्ही कर भरणारे भरणार, आणि आपल्यापैकी कुणीही त्याच्या विहिरीवर जाऊन मोटारीची पाटी वाचणार नाही. म्हणून मोफत विजेच्या काळात मोजणी आधीपेक्षा कडक हवी. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून त्या भागाला वीज नेणारी लाइन, वेगळा असला, की शेतीच्या फीडरवरचा एकच मीटर त्या भागातल्या सगळ्या पंपांचा खरा वापर सांगतो. हे काम अनेक ठिकाणी झालं आहे. त्या मीटरचं वाचन दर महिन्याला, फीडरच्या नावानिशी लोकांसमोर आलं पाहिजे.

विजेला निदान जनसुनावणीची ही चावडी आहे. स्वयंपाकाच्या गॅसला तीही नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरची किंमत तेल कंपन्या जाहीर करतात. आखाती देशांतल्या प्रोपेन-ब्युटेनचा भाव, जहाजाचं भाडं, डॉलरचा दर, बाटलीत भरायचा खर्च, वितरकाचं कमिशन, वर ५ टक्के जीएसटी, असा तो हिशेब असतो. पण भाव आणि प्रत्यक्ष किंमत यांच्यात सरकारची इच्छा उभी असते. निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, सिलिंडर १०० रुपयांनी उतरला. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी चढला. कंपन्यांना खर्चापेक्षा कमी दरात विकावं लागलं म्हणून केंद्रानं २०२२ मध्ये तीन तेल कंपन्यांना २२,००० कोटी रुपये दिले. या देण्याघेण्यावर कुठे जनसुनावणी झाली? झाली नाही, कारण तशी तरतूदच नाही. पेट्रोलियम नियामक मंडळ आहे, पण सिलिंडरची किरकोळ किंमत ठरवणं त्याच्या कामात येत नाही.

तिथे नजर ठेवतात ते भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’. पण तेही काम होऊन गेल्यावर. उज्ज्वला योजनेचं उदाहरण घ्या. मे २०१६ मध्ये ही योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावानं गॅसची जोडणी देणारी ही योजना चुलीच्या धुरानं डोळे चोळत भाकरी थापणाऱ्या कोट्यवधी बायकांसाठी मोठी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीव्या जोडणीचं पत्र पंतप्रधानांच्या हस्ते दिलं गेलं, ते आपल्या औरंगाबादेत. त्यानंतर तीनच महिन्यांत ‘कॅग’चा अहवाल संसदेत आला. त्यात दुसरा आकडा होता. डिसेंबर २०१८ अखेर उज्ज्वलाच्या ग्राहकांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरून घेतले होते. सरासरी साडेतीन महिन्यांहून अधिक काळ एक टाकी. म्हणजे जोडणी आली, चूल गेली नाही. दुसरीकडे काही लाभार्थ्यांच्या नावावर एका महिन्यात इतक्या टाक्या उचललेल्या दिसल्या, की त्या घरच्या स्वयंपाकाला लागणं शक्यच नव्हतं; घरगुती गॅस हॉटेलांकडे वळत असावा, ही शंका अहवालानं नोंदवली.

जोडण्यांचा आकडा खोटा नव्हता. पण तो एकटाच सांगितला जात होता. किती टाक्या दिल्या हे मोजणं सोपं आणि मिरवायला चांगलं. किती बायका दुसरी टाकी परवडत नाही म्हणून पुन्हा सरपण गोळा करायला गेल्या, हे मोजायला लेखापरीक्षक यावा लागला. पुढे उज्ज्वलाच्या टाकीवर २०० आणि मग ३०० रुपयांचं अनुदान सुरू झालं. 

राज्यातही अशीच उतरंड आहे. महावितरण सरकारी कंपनी असल्यानं तिचे हिशेब ‘कॅग’कडे जातात, तिथून विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीकडे. पण हा रस्ता लांबचा. अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो, वर्तमानपत्रात एक दिवस बातमी येते, आणि आमदार मतदारसंघात परततात. अहवाल वाचून सभागृहात प्रश्न विचारणारा आमदार आपल्याला हवा असेल, तर आपणही प्रचारसभेत त्याला फक्त डीपी कधी बदलणार एवढंच विचारून चालणार नाही.

आयोगही काही देवघर नाही. तिथले सदस्य बऱ्याचदा निवृत्त सनदी अधिकारी किंवा वीज कंपन्यांतूनच आलेले असतात. आदेश शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. २८ मार्च २०२५ रोजी आयोगानं महावितरणचे दर कमी करणारा आदेश दिला आणि कंपनीनं फेरविचार मागितल्यावर काही दिवसांतच तो स्थगित झाला. जनसुनावणी घेऊन दिलेला आदेश असा झटक्यात थांबतो, तेव्हा त्या सुनावणीला बसमधून आलेल्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार त्या टेबलामागच्यांनी करायला हवा. चावडी आहे म्हणून न्याय मिळतोच असं नाही. पण चावडी नसली, की काय होतं, ते अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभं आहे.

आता वाचकाला एक विनंती. पुढची दरवाढीची याचिका येईल तेव्हा मराठी दैनिकांत जाहीर सूचना छापून येईल. बारीक टाइपात असेल, कोपऱ्यात असेल. ती कापून ठेवा. याचिकेचा मराठी सारांश कंपनीला द्यावा लागतो. तो मिळवा आणि तीनच गोष्टी शोधा. वीज कुणाकडून काय भावानं घेतली, शेतीपंप वर्षात किती तास चालले असं धरलं, आणि सरकारनं सवलतीचे पैसे भरले का. जे कळलं नाही, तेच प्रश्न म्हणून लिहा. तुमच्या भागातल्या फीडरला उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती तास वीज होती, हे तुम्हाला कफ परेडच्या माणसापेक्षा जास्त माहीत आहे. ते तारखेनिशी लिहा. सोबत बिलाची आणि पावतीची झेरॉक्स जोडा. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर पत्रात तसं कळवा, सुनावणीत तुमच्या नावाचा पुकारा होईल. हरकत मराठीत चालते. तिला वकील लागत नाही आणि शुल्कही लागत नाही.